सरांचं उत्तर

"लेडीज अँड जंटलमेन म्हणू का नको?" मनमाड सुटल्यावर बडगुजर सरांनी विचारलं, आणि दौंड येईपर्यंत आमचा तोच विषय चालला होता.

"सर, नुसतं 'रिस्पेक्टेड चेअरमन' म्हणा. पुरे."

"बाया असतील ना तिथं?"

"मी असेनच की."

ते हसले. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पारदर्शक पट्ट्या होत्या, प्रोजेक्टरवर ठेवायच्या. त्या चुरगळू नयेत म्हणून त्यांनी मनमाडपासून पिशवी खाली ठेवली नव्हती. चहा प्यायचा तर पिशवी माझ्याकडे द्यायचे, चहा संपला की लगेच परत घ्यायचे.

आम्ही बंगळूरला निघालो होतो. गणिताची आंतरराष्ट्रीय परिषद होती आणि तीत सरांना वीस मिनिटं मिळाली होती. आमचं गाव तापीकाठचं, केळीच्या पट्ट्यातलं. तिथल्या कॉलेजात गणित विभागात आम्ही दोघंच. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्यांच्याच हाताखाली लागले. हिलाल बडगुजर हे नाव आमच्या तालुक्याबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. वडील दुसऱ्यांची गुरं राखायचे. घरात अहिराणी. "मराठीसुद्धा मी शाळेत शिकलो," असं सर सांगायचे, "इंग्रजी तर पाचवीत पहिल्यांदा ऐकली. तीही मास्तरांच्या तोंडून, आणि मास्तरांना येत नव्हती."

पण गणित त्यांना यायचं. नोकरी लागल्यापासून ते एकाच प्रश्नामागे होते. काही ठिपके घ्यायचे, ते रेघांनी जोडायचे आणि रेघांना रंग द्यायचे. एका ठिपक्याशी एकच रंग दोनदा येता कामा नये. कमीत कमी किती रंगांत भागेल? एका विशिष्ट प्रकारच्या जाळ्यासाठी सरांनी त्याचं उत्तर काढलं होतं. ठिपक्यांची संख्या सम असेल तर सिद्धता दोन पानांत आटपायची. विषम असेल तर मात्र चांगली पंधरा पानं लागायची, आणि सरांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं त्या पंधरा पानांत गेली होती. मी ती पानं ओळ न् ओळ तपासली होती. कुठे फट नव्हती.

निबंध तीन नियतकालिकांकडे जाऊन परत आला होता. एकानेही गणित चुकलं असं म्हटलं नव्हतं. पहिल्याने लिहिलं, भाषा समजत नाही. दुसऱ्याने लिहिलं, भाषा सुधारल्याशिवाय परीक्षकाकडे पाठवता येणार नाही. तिसऱ्याने सल्ला दिला की ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा कोणाकडून तरी निबंध वाचून घ्यावा.

"अशी व्यक्ती आणू कुठून?" सर म्हणाले होते. "आपल्याकडे फार तर चर्चचे फादर. ते केरळचे आहेत."

म्हणून परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा सरांना वाटलं, दार उघडलं. तिथे आधी फक्त दोन पानांचा सारांश मागवला होता. भाषण ऐकून निवड होणार, आणि निवडलेल्यांकडूनच पूर्ण निबंध मागवणार. ते निबंध परिषदेच्या ग्रंथात छापले जाणार होते, आणि भाषा त्यांचे संपादक नीट करून घेणार होते, असं पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. सरांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं.

मग महिनाभर तयारी. सरांनी सगळं भाषण पाठ केलं. कॉलेजात मी ऐकायची आणि घरी काकू, म्हणजे सरांची बायको. काकू चौथी शिकलेल्या. भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि सर अडखळले की म्हणायच्या, "आते थांबनात तुम्ही." त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण कुठे थांबायचं नाही ते पाठ झालं होतं.

परिषदेचा हॉल थंडगार होता. सर कोट घालून आले होते. तो त्यांच्या पुतण्याच्या लग्नातला. पहिल्या रांगेत प्रोफेसर वॉर्डली बसले होते. इंग्लंडचे. सरांच्या विषयातलं मोठं नाव. त्यांचे निबंध सरांनी हाताने उतरवून काढले होते, कारण आमच्याकडे तेव्हा झेरॉक्स मशिन नव्हतं. निवड समितीवर तेच होते. उंच, पांढऱ्या भुवया, बोलताना ओठ फारसे न हलवणारे.

"हेच का ते?" सरांनी मला कुजबुजत विचारलं.

"हो सर."

"तरुण वाटतात गं."

सरांचा नंबर आला. सुरुवातीला आवाज कापरा होता. पट्टी उलटी ठेवली गेली, ती सरळ केली. मग ठिपके आणि रेघा पडद्यावर आल्या आणि सर आपल्या गावात शिरावं तसे त्यात शिरले. 'रिस्पेक्टेड चेअरमन'पासून एकही शब्द गळला नाही. सम संख्येची सिद्धता त्यांनी पूर्ण दाखवली. विषमची वीस मिनिटांत बसणारी नव्हतीच, म्हणून तिचं फक्त विधान पट्टीवर दिलं होतं. भाषण संपलं तेव्हा घंटा वाजायची होती. मला हायसं वाटलं.

प्रोफेसर वॉर्डलींनी हात वर केला.

त्यांनी आधी काहीतरी लांबलचक विचारलं. सरांनी कान पुढे केला. मलाही नीट लागलं नाही. ते उच्चार आम्ही कधी ऐकले नव्हते. वॉर्डलींच्या ते लक्षात आलं असावं. सज्जन माणूस. त्यांनी आपला प्रश्न लहान केला आणि सावकाश म्हणाले, "सो, यू डोन्ट हॅव द ऑड केस?"

हे मला स्वच्छ कळलं. म्हणजे विषमची सिद्धता तुमच्याकडे नाही?

सरांनाही कळलं. चेहरा एकदम उजळला. "नो, नो, सर!" ते हात हलवत म्हणाले. "नो, सर!" आणि पुढचं वाक्य जुळवायला त्यांनी एक श्वास घेतला.

"थँक यू," वॉर्डली म्हणाले. "दॅट्स व्हेरी ऑनेस्ट ऑफ यू."

घंटा वाजली. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. सर पट्ट्या गोळा करून खाली आले आणि माझ्याशेजारी बसले. त्यांचे हात घामाने ओले झाले होते.

"ऑनेस्ट म्हणाले मला," ते म्हणाले. "ऐकलंस?"

"ऐकलं की सर."

चहाच्या वेळी वॉर्डलींनी स्वतः येऊन सरांशी हात मिळवला. सम संख्येची बाजू सुरेख आहे, असं काहीतरी म्हणाले, आणि शुभेच्छा दिल्या. सर नुसते "थँक यू, थँक यू" करत राहिले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

संध्याकाळी त्यांनी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला. काकूंना बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होतं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. "चांगलं व्हयनं," ते ओरडून म्हणाले. "समदं चांगलं व्हयनं!"

परतीच्या गाडीत ते विषमच्या पंधरा पानांची मांडणी कशी करायची यावर बोलत होते. कुठली आकृती आधी, कुठली नंतर. कॉलेजात प्राचार्यांनी सूचनाफलकावर सरांचं अभिनंदन लावलं. सरांनी पेढे वाटले, शिपायापासून सगळ्यांना.

पत्र आलं ते उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत. मी पेपर तपासत बसले होते. सरांनी पाकीट माझ्यासमोर फोडलं, उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

"बघ बरं. मला काही चुकतंय का वाचताना."

पत्र अगदी सभ्य होतं. सहभागाबद्दल आभार होते. सम संख्येच्या निष्कर्षाचं कौतुक होतं. तो भाग तज्ज्ञांना साधारण अपेक्षितच असल्यामुळे फक्त तेवढ्यावर निबंध घेता येत नाही, असं पुढे होतं. आणि मग: विषम संख्येसाठी सिद्धता नाही हे आपण स्वतःच चर्चेत मोकळेपणाने कबूल केलंत, त्या प्रामाणिकपणाची समितीने आदरपूर्वक नोंद घेतली आहे.

"मी कुठे कबूल केलं?" सर म्हणाले.

"नाही केलंत."

"तू होतीस ना तिथं? मी काय म्हणालो?"

"तुम्ही 'नो' म्हणालात. तीनदा."

"मग? ते म्हणाले, तुमच्याकडे नाही. मी म्हटलं, नो. नाही, तसं नाही. आहे. आणखी काय म्हणायचं माणसानं?"

मलाही कळत नव्हतं. मला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या भाषणाशी घोटाळा झाला असेल. सरांनाही तसंच वाटलं. "नावांची अदलाबदल झाली असणार," ते म्हणाले आणि जरा सावरले. "आपण लिहू त्यांना. कुलथेंना बोलाव, मसुदा चांगला हवा."

चिंतामण कुलथे आमच्याकडे इंग्रजी शिकवायचे. सरांच्याच वयाचे, बोलायला मोकळे. त्यांनी पत्र वाचलं आणि नेमका काय प्रश्न विचारला होता ते सरांच्या तोंडून ऐकलं. मग सरांनी दिलेलं उत्तर ऐकलं. चष्मा काढून पुसायला लागले.

"काय झालं, कुलथे?"

"बडगुजर," ते म्हणाले, "तुम्ही आज डबा आणला नाही?"

"नाही, आणलाय की," सर म्हणाले. "का?"

"हेच. मराठीत आपण 'नाही, आणलाय' म्हणतो. नाही म्हणजे तू म्हणतोस ते खरं नाही. इंग्रजीत तसं नसतं. 'यू डोन्ट हॅव?' असं कोणी विचारलं आणि तुम्ही 'नो' म्हणालात, तर त्याचा अर्थ, नाहीये माझ्याकडे."



"आणि असलं तर?" सरांनी विचारलं.

"असलं तर 'यस' म्हणायचं. 'यस, आय हॅव.'"

"त्यांनी 'नाही' म्हणून विचारलं, तरी मी 'हो' म्हणायचं?"

"हो."

"म्हणजे त्यांना वाटलं, मी..."

"हो," कुलथे म्हणाले.

बाहेर परीक्षेची घंटा झाली. मुलं व्हरांड्यातून पळत गेली. सर खुर्चीत बसले. कुलथे घाईघाईने म्हणू लागले की आत्ताच पत्र लिहू, सगळं समजावून सांगू, लोक समजूतदार असतात, आणि सर मान हलवत होते. त्या दुपारीच आम्ही तिघांनी मसुदा केला. कुलथेंनी चार वेळा खोडून पुन्हा लिहिला. सर सही करताना म्हणाले, "हे वाचून हसतील ते."

"नाही हसणार, सर," मी म्हणाले.

उत्तर आलं, आणि कोणी हसलं नव्हतं. समितीच्या सचिवांनी खेद व्यक्त केला होता. निवड पूर्ण झाली आहे, ग्रंथाचं काम पुढे गेलं आहे, आपण हे संशोधन एखाद्या नियतकालिकाकडे जरूर पाठवावं. खाली सूचना होती: पाठवण्यापूर्वी इंग्रजी तपासून घ्यावं.

ते पत्र सरांनी विभागातच वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. "उज्ज्वला," ते म्हणाले, "सिद्धता चुकली असती ना, तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त करता येते. मी आधी कितीदा केली आहे. आता हे काय दुरुस्त करू?"

"सर, पुन्हा पाठवू. मी टाइप करते."

"हो, पाठवू," ते म्हणाले.

त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी छत्री विसरले म्हणून परत वर गेले. आमच्या विभागाशेजारचा वर्ग रिकामा होता आणि आतून आवाज येत होता. सर फळ्यासमोर उभे होते. फळा कोरा होता. पहिल्या बाकाकडे बघत ते हळूच म्हणत होते, "यस, सर. आय हॅव. यस, सर, आय हॅव द ऑड केस." थांबायचे, आणि पुन्हा. पाठ केलेल्या भाषणासारखं नाही. कोणीतरी खरंच विचारलंय आणि आपण सांगतोय, असं. मी छत्री न घेताच जिना उतरले.

त्यानंतर मी अनेकदा विषय काढला. दर वेळी ते "हो, पाठवू" म्हणायचे. वर्गात पूर्वीसारखेच शिकवायचे, किंबहुना जास्त जीव तोडून. पण जाळ्यांचा प्रश्न त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. कोणी इंग्रजीत काही विचारलं, म्हणजे अगदी विद्यापीठातून तपासणीला आलेल्या माणसाने साधं "हाऊ आर यू" म्हटलं, तरी आधी माझ्याकडे बघायचे आणि मग मान हलवायचे.

एकदा काकू मला बाजारात भेटल्या. भाजीची पिशवी हातात तशीच धरून म्हणाल्या, "बाई, एक विचारू का? त्यांनी तिथं काही चूक केली होती का? मला सांगत नाहीत. रात्री उठून बसतात."

"काही चूक केली नाही, काकू. बरोबर उत्तर दिलं त्यांनी."

"मग?"

मला त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, "ऐकणाऱ्याला कळलं नाही."

"मग पुन्हा सांगायचं," काकू म्हणाल्या. "मी तर त्यांना रोज दोन-दोनदा सांगते, तेव्हा ऐकू जातं."

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना सरांना हृदयविकाराचा झटका आला. जळगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते बरे वाटत होते. निघताना म्हणाले, "ते कागद तुझ्याकडेच आहेत ना? तुला वाटेल ते कर. आता माझ्याच्यानं नाही होणार." मी म्हटलं, तुम्ही घरी या, मग बसू. ते घरी आले नाहीत.

कागदांना हात लावायला मला पुष्कळ वेळ लागला. मग कुलथे सर आणि मी दर रविवारी बसू लागलो. सरांची वाक्यं मराठीच्या चालीवर होती, लांब, मागून पुढे येणारी. ती आम्ही मोडली आणि छोटी छोटी केली. मोडताना मला रडू यायचं, कारण प्रत्येक वाक्यात ते बोलताना ऐकू यायचे आणि मोडल्यावर यायचे नाहीत. निबंध पाठवला. परीक्षकांनी दोन किरकोळ शंका विचारल्या. छापून आला तेव्हा नाव एकट्या सरांचं होतं, आणि नावाशेजारी लेखक हयात नसल्याची बारीकशी खूण होती. अंक घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी सरांच्या नावावरून बोट फिरवलं, अंक देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि मला जेवायला वाढलं.

पुढे एका परिषदेसाठी मी दिल्लीला गेले होते. तिथे प्रोफेसर वॉर्डली आले होते. थकले होते, कानात यंत्र होतं. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर कॉलेजचं नाव वाचून ते थांबले.

"बडगुजरांच्या कॉलेजच्या तुम्ही?" त्यांनी इंग्रजीतच विचारलं. "मी वाचला तो निबंध. विषमची बाजू अप्रतिम आहे. मी त्यांना बंगळूरला ऐकलं होतं. मला आठवतंय, मी विचारलंही होतं. तेव्हा त्यांच्याकडे ती नव्हती."

"होती, सर. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

ते सौम्यपणे हसले. "सांगितलं नव्हतं, असं म्हणायचंय तुम्हाला."

माझं इंग्रजी चुकलं असं त्यांना वाटलं होतं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, डब्याचं उदाहरण देऊन सांगितलं, आमच्याकडे 'नाही'ला 'नाही' म्हटलं की 'आहे' होतं, हे सांगितलं. मागे लोक जेवणाच्या रांगेत उभे होते, कोणीतरी त्यांना न्यायला आलं, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता.

"मी प्रश्न चुकीचा विचारला," ते म्हणाले. "'आहे का' एवढंच विचारायला हवं होतं."

मी जवळची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"मला त्यांना पत्र लिहायचंय," ते म्हणाले. "ते अजून त्याच कॉलेजात आहेत ना?"

नावाशेजारची खूण त्यांनी पाहिली नव्हती.

"नो," मी म्हणाले, आणि नुसत्या 'नो'वर थांबले नाही. सर वारले, कोणत्या साली वारले, ते पूर्ण वाक्यात सांगितलं.